पश्चिमेची खिडकी

२२ ऑगस्ट २०२४
अरबी समुद्र

ताई, जयभीम.

फोनवर आवाज तुटतो, व्हिडिओचं तर नावच काढू नकोस, म्हणून मेल लिहितोय. जहाजावर नेट मापात मिळतं. आईला मोठ्यानं वाचून दाखव आणि मधलं गाळू नकोस. तुला गाळायची खोड आहे.

मुंबई सोडल्यापासून वारा तोंडावर आहे. मी इंजिनरूममध्ये तेलपाणी बघणारा माणूस, मला खाली वारा कुठला दिसायला, पण जहाज असं आपटतंय की पोटातलं जेवण सांगतं वर काय चाललंय ते. ड्युटी संपली की वर येऊन कठडा धरून उभा राहतो. खाली बसवत नाही आणि वर उभं राहवत नाही. घरी महिनाभर होतो तेव्हाही हेच. आई म्हणायचीच की, ह्याला कुणीतरी चावी दिलीया म्हणून.

घराचं मात्र निघायच्या आधी उरकलं ते बरं झालं. बिड्या वळून वळून तंबाखूच्या धुळीनं आईची छाती गेली. डॉक्टर म्हणाले, सोलापुरातल्या त्या गल्लीतनं बाहेर काढा, मोकळ्या हवेला न्या. टेंभुर्णीच्या पुढं हे घर मिळालं. पश्चिमेची खोली आईची, आणि तिथली मोठी खिडकी तिनं कधी लावायची नाही. साखर कारखाना जवळ म्हणून मी बिचकत होतो, पण तू पक्की निघालीस. आईचं वंदनेचं पांढरं लुगडं धुऊन अख्खा दिवस गच्चीवर वाळत घातलंस. गाळप बंद असलं तरी डिस्टिलरीसाठी बॉयलर चालू होता, चिमणीतनं धूर निघत होता, पण सगळा पूर्वेला, आपल्या घराकडं पाठ करून. संध्याकाळी लुगडं उतरवलं तर एक ठिपका नाही. एसटीची कंडक्टर आहेस, खोटा पास तुझ्या हातून सुटत नाही, तसं हे घर तपासलंस.

निघताना आईनं विचारलं होतं, एवढा वारा येतो कुठनं, कोण सोडतंय त्याला. मला सांगता आलं नव्हतं. जहाजाची वाट आखणाऱ्या आमच्या सेकंड ऑफिसरला विचारलं. तो म्हणाला, सगळं सूर्याचं काम. पृथ्वीच्या मध्यावर, विषुववृत्तावर, ऊन सरळ डोक्यावर पडतं. तिथली हवा तापून हलकी होते आणि वर जाते. तिची जागा भरायला आजूबाजूची हवा धावते, ती धाव म्हणजे वारा. आणि पावसाळ्यात आपली जमीन समुद्रापेक्षा जास्त तापलेली असते, म्हणून तो वारा विषुववृत्तावर थांबत नाही, ओलांडून आपल्याकडं येतो. आईला सांग, तिच्या खिडकीतनं जो आत येतो तो विषुववृत्तापलीकडचा समुद्र फिरून येतो. मी त्याच्या उलट वाटेनं चाललोय. मधली बंदरं घेत घेत, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून ब्राझील.

यशपाल


२८ ऑक्टोबर २०२४
टेंभुर्णी

यशा, जयभीम.

गाळलं काहीच नाही, उलट दोनदा वाचावं लागलं. "खोड आहे" हे आईनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं आणि हसत बसली.

विजयादशमीला घरात गेलो. वंदना झाली, आईनं तेच पांढरं लुगडं नेसलं होतं. सोलापुरातनं मल्लव्वा आली होती, आईच्या शेजारी बसून जन्मभर बिड्या वळलेली. ती आल्या आल्या खिडकीत जाऊन उभी राहिली आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. मी विचारलं काय म्हणालीस, तर म्हणाली, मुक्ताचं नशीब उघडलं म्हणाले. दारावर ‘मुक्ता’ अशी आईच्या नावाची पाटी लावलीय. आई येता जाता ती पदरानं पुसते, नवी पाटी झिजवणार बघ.

आता मुख्य ते. तिला झोप लागते. आडवी होऊन, उशीवर उशी न रचता. गल्लीत असताना बसून झोपायची, तुला आठवतंय. श्वासाचा पंप उशाशी आहे पण गेल्या पंधरवड्यात हात लावलेला नाही. सकाळी माझ्या आधी उठून खिडकीत बसते आणि डोळे मिटून वारा खाते. मी ड्युटीवर निघाले की म्हणते, जा, मी हाय आन वारा हाय.

तिचा पुढचा प्रश्न घे. वर गेलेला वारा जातो कुठं, आभाळात साठतो काय? साठत असला तर एक दिवस फुटायचा की, म्हणते. आणि दुसरं, जागा भरायला वारा धावतो तर सरळ का धावत नाही, तिरका का येतो. मी म्हटलं, आई, मला तिकीट फाडायचं कळतं, वारा नाही. तर म्हणाली, म्हणून तर त्याला इचार म्हणते.

मेमध्ये तुझा करार संपतो. उतरलास की सरळ घरी ये, मधे कुठं फाटे फोडू नकोस.

मनाली


४ नोव्हेंबर २०२४
दक्षिण अटलांटिक

ताई,

आईला सांग, साठत नाही. वर गेलेली हवा उत्तरेला आणि दक्षिणेला पांगते. जाता जाता गार होते, जड होते, आणि तीस अंशाच्या आसपास परत खाली उतरते. उतरणारी हवा कोरडी, म्हणून जगातली मोठमोठी वाळवंटं त्याच पट्ट्यात. खाली आली की ती जमिनीलगत परत विषुववृत्ताकडं निघते. आमटीला उकळी फुटल्यावर मधलं वर येतं, कडेनं खाली जातं, परत मधे येतं, तसंच. हा फेरा कधी थांबत नाही. जुन्या काळी शिडाची जहाजं याच परतीच्या वाऱ्यावर व्यापार करायची, म्हणून त्यांना व्यापारी वारे म्हणतात. शाळेत घोकलं होतं की आपण, कळलं आत्ता.

तिरका का, तर खालची पृथ्वी गरगर फिरतीय. वारा बिचारा सरळच निघतो, पण तो पोचेस्तोवर पृथ्वी सरकलेली असते. धावत्या गाडीत तू मागच्या बाकावरनं पुढं येतेस आणि ड्रायव्हर वळण घेतो, मग तू कशी भलत्याच्या मांडीवर कोसळतेस, तसं समज. उत्तरेच्या अर्ध्यात वारा उजवीकडं झुकतो, दक्षिणेत डावीकडं.

मधे चार दिवस विषुववृत्तावर वारा शून्य. समुद्र तेलासारखा. सगळे खूष होते, मी मात्र वेडापिसा झालो. मग आफ्रिकेचं टोक. तिथं पश्चिमी वारे, चाळीस अक्षांशाच्या आसपासचे, म्हणून गरजणारे चाळीस म्हणतात त्यांना. तिथनं गोल फिरलं तर मधे अडवायला जमीनच नाही जवळजवळ. केबिनमधली माझी पेटी रात्रभर या भिंतीवरनं त्या भिंतीवर जात होती. खरं सांगू, मला बरं वाटलं. सगळंच हलत असलं की माझं एकट्याचं हलणं दिसून येत नाही.

आई झोपते हे वाचून मी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसलो होतो. बरोबरचा म्हणाला, काय झालं, वाईट बातमी? म्हटलं, नाही रे, चांगली.

यशपाल


२७ नोव्हेंबर २०२४
टेंभुर्णी

यशा,

निवडणुकीमुळं गाळप यंदा उशिरा सुरू झालं. आता रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांशिवाय काही दिसत नाही. माझी गाडी त्यांच्या मागं मुंगीसारखी चालते आणि प्रवासी माझ्या नावानं शंख करतात. कारखान्याच्या अलीकडं ऊसतोड्यांच्या पालांचं गाव वसलंय.

थंडी पडलीय. आई थोडी खोकते, थंडीचा असेल. काळजीचं काही नाही. हल्ली कपडे घरात वाळत घालायला लावते, म्हातारपणाची एकेक सवय, दुसरं काय.

तिचा प्रश्न आहे आणि तो रोज आहे. दिवाळीपासनं पश्चिमेच्या खिडकीतनं वारा यायचा थांबलाय. पडदा हलत नाही. आता वारा स्वयंपाकघराच्या दारातनं येतो, पूर्वेकडनं. आई म्हणते, ह्यो असा उलटा का फिरला, त्याला काय झालं, कुणी काय बोललं का त्याला. नीट कळेल असं लिही.

मनाली


८ डिसेंबर २०२४
सांतोस बंदर, ब्राझील

ताई,

आईचा हा प्रश्न मी सेकंड ऑफिसरला सांगितला तर तो म्हणाला, तुझ्या आईला माझ्या जागेवर घ्यायला पाहिजे. शेकडो वर्षं अरबी दर्यावर्दी याच एका गोष्टीवर जगले.

ऐक आणि वाचून दाखव. जमीन लवकर तापते आणि लवकर गार होते. समुद्र दोन्ही बाबतीत आळशी. उन्हाळा-पावसाळ्यात आपली जमीन तापलेली, म्हणून वारा समुद्राकडनं जमिनीकडं. दिवाळी झाली की सूर्य दक्षिणेला सरकतो. मग हिमालयाच्या अलीकडं-पलीकडं सगळी जमीन गारठते, तिथली हवा जड होऊन दबते आणि समुद्राकडं वाहायला लागते. म्हणजे वारा जमिनीकडनं समुद्राकडं. तिरका होऊन तुमच्याकडं ईशान्येनं, पूर्वेनं येतो. हे एकदोन दिवसांचं नाही. फेब्रुवारी-मार्चपर्यंत हाच राहणार, मग डळमळेल, आणि मे-जूनमध्ये परत पश्चिमेचा. दरवर्षी. मधे कुणी काही बोललं तरी तो ऐकायचा नाही.

गंमत बघ, आम्ही इथं साखरच भरतोय. चारी बाजूंना साखरेची गोदामं, चारी बाजूंना चिमण्या. आपल्या घरामागं उभा असल्यासारखं वाटलं. आईला म्हणावं आता पूर्वेच्या दारात बस, वारा तोच आहे, फक्त परतीच्या वाटेला लागलाय.

यशपाल


१२ डिसेंबर २०२४

यशा,

सगळं समजावलंस. चांगलं समजावलंस, माझ्यासारखीलाही कळलं.

आता मला एक सांग. चिमणी आपल्या घराच्या कुठल्या बाजूला आहे?

आपण लुगडं जुलैत वाळत घातलं होतं.

मनाली


१४ डिसेंबर २०२४

ताई, मी वाचलं आणि जिन्यातच बसलो. पूर्वेला. चिमणी पूर्वेला. तिला तिथनं हलव. पूर्वेचं दार, खिडक्या, सगळं लाव, फटीत ओली फडकी लाव. नाहीतर आजच मल्लव्वाकडं ने. मला मारे चाळीस अक्षांशाचा वारा माहीत आणि माझ्या आईच्या दारातला माहीत नाही. किती दिवस चाललंय हे? खोकला थंडीचा म्हणालीस, खरं सांग. बंदरात आहोत तोवर फोन करतो, उचल. तू उचलत का नाहीस.


२ फेब्रुवारी २०२५
सोलापूर

यशा,

फोन उचलले नाहीत कारण माझा आवाज ऐकून तुला कळलं असतं आणि तिथनं तू काय करणार होतास. आता ती बरी आहे म्हणून लिहिते.

गाळपाच्या पहिल्या आठवड्यातच पायऱ्यांवर काजळी दिसली. उसाच्या चिपाडाची, तांदळाएवढे काळे तुकडे, हात लावला की पीठ होतं. आधी वाटलं एखादा दिवस असेल. मग रोज. थंडीत धूर वर जात नाही, खालीच बसतो, पहाटे तर आभाळ हाताला लागेल इतकं खाली. आईनं मला सांगितलं नाही, झाडून घ्यायची आणि कपडे घरात घालायची. मी तुला सांगितलं नाही. आपल्या घरात तिघंही शहाणे. तू सांगितलंस तशी दारं लावली, ओली फडकी लावली, पण आई घर सोडून मल्लव्वाकडं जायला तयार होईना. नाताळात एका सकाळी तिचे ओठ निळे पडले. डेपोतल्या गाडीची वाट न बघता मी हायवेवर आडवी उभी राहिले, एका टेंपोवाल्यानं सोलापूरला नेलं. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती.

आता मल्लव्वाकडं आहे. मल्लव्वा अजून बिड्या वळते, घरात तंबाखू आहेच, म्हणून आई उंबऱ्यावर बसते आणि मल्लव्वा तिच्यासाठी आतलं दार ओढून घेऊन काम करते. एक धूर चुकवायला दुसऱ्या धुळीत आलोय आणि तिसरी जागा नाही.

टेंभुर्णीत आपल्या शेजारच्या सिद्धेश्वरला मी जाऊन विचारलं, दरवर्षी हे असंच असतं का. म्हणाला, व्हय, गाळप हाय तवर असंच. मग आम्ही घर बघायला आलो तेव्हा का बोलला नाहीत? तर म्हणाला, तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं की. त्याचा राग येतो आणि धड येतही नाही. विचारलं नव्हतंच. लुगड्याला विचारलं, माणसाला नाही.

मेमध्ये तू येतोयस तेवढा एक आधार आहे.

मनाली


३० एप्रिल २०२५
सिंगापूर

ताई,

डोकं गरगरेपर्यंत विचार केलाय, आता सरळ सांगतो. ते घर विकायचं.

काजळी असताना दाखवलं तर कुत्रं घेणार नाही. पण जूनमध्ये वारा पश्चिमेचा होईल. धूर पलीकडं जाईल, खिडकीत पडदा उडेल, आपण जसं बघितलं तसंच गिऱ्हाईक बघेल. खोटं बोलायचं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं. नाही विचारलं तर आपण होऊन तोंड उघडायचं नाही. आपल्याशी जगानं हेच केलं की. त्यातनं बार्शीकडं एखादी हवेशीर जागा बघू, आणि या वेळी हिवाळ्यात बघू.

दुसरं, मेमध्ये मला उतरता येत नाही. माणूस मिळेना म्हणून कंपनीनं जुलैपर्यंत वाढवलंय. आईला तू सांग, मला सांगवत नाही.

यशपाल


३ जून २०२५
टेंभुर्णी

यशा,

कंपनीनं वाढवलं की तूच मागून घेतलंस? बरं, नको सांगू.

आईला आणलं परत. यंदा मेमध्येच पाऊस आला आणि वारा फिरला. ती पाटी पुसून आत गेली आणि खिडकी उघडून बसली, जणू मधे काही झालंच नाही. पंप परत उशाशी पडून असतो. रात्री तिच्या श्वासाचा आवाज येत नाही म्हणून मी उठून बघून येते.

विकायचं म्हणतोस तर विकू. दोन एजंटांना सांगितलंय. आईला सांगितलेलं नाही, वेळ आली की सांगेन. बसमध्ये उभी असते, तिकीट फाडते आणि मनात तेच घोळतं, विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर नाही. उतारूला सुटे द्यायचं विसरल्यासारखं वाटत राहतं दिवसभर.

मनाली


२१ जून २०२५
सिंगापूरच्या वाटेवर

ताई,

घाई कर. आषाढ-श्रावण हातात आहेत, त्यानंतर वाऱ्याचा भरवसा नाही.

जुलैत मी या जहाजावरनं सुटेन, पण लगेच दुसरं मिळतंय, सिंगापूरहून जपानकडं जाणारं. मी अजून हो म्हटलेलं नाही. घराचा सौदा झाला आणि आईची सोय लागली तर मी येऊन तरी काय करणार, नुसता येरझाऱ्या घालणार. तुम्हालाच ताप.

यशपाल


१३ जुलै २०२५
टेंभुर्णी

यशा, जयभीम.

सौदा मोडला. आईनं मोडला. सगळं सांगते, मधलं गाळत नाही.

काल केम गावचे कुंडलिक म्हणून घर बघायला आले होते. त्यांचं इथं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान निघतंय. बरोबर त्यांचे वडील, श्रीमंतअण्णा, सत्तरीपुढचे. आईला सकाळी एवढंच सांगितलं होतं की घर विकायला काढलंय, माणसं बघायला येतायत. कुंडलिक भिंती ठोकून बघत होते, नळ सोडून बघत होते. अण्णा थेट पश्चिमेच्या खोलीत गेले आणि आईच्या पलंगावर खिडकीजवळ टेकले. वारा नुसता उधाणलेला. कुंडलिक म्हणाले, हवा लई झ्याक हाय की. चिमणीकडं बघितलं, धूर पलीकडं चाललेला. विचारलं काहीच नाही. मी चहा गाळत होते. माझ्या तोंडाला कुलूप आणि किल्ली तुझ्याकडं.

आणि अण्णांना तिथं बसल्या बसल्या झोप लागली. मान खाली, तोंड उघडं, लहान पोरासारखी. आई समोर उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. मग बाहेर आली आणि कुंडलिकना म्हणाली,

"दादा, भिंती बगितल्या तसा वारा बी बगा. ह्यो लई लांबनं येतोय, दर्यावरनं. हितली जमीन तापती तवर येतो. दिवाळी झाली की जमीन गार पडती, मग त्यो म्होरा वळवतो आन त्या चिमणीकडनं आत येतो. तवर गाळप बी सुरू हुतं. समदी काजळी हितं. मी मरता मरता वाचले. तुमच्या म्हाताऱ्याला हितं निजवू नगा."

कुंडलिकनी माझ्याकडं बघितलं. खरं हाय का ताई, म्हणाले. मी व्हय म्हणाले. मग त्यांनी आईलाच विचारलं की तुमाला हे वाऱ्याचं कुणी सांगितलं. आई म्हणाली, माझा ल्योक दर्यावर असतो, त्यानं लिवून कळवलं. केवढ्या तोऱ्यात म्हणाली म्हणून सांगू. अण्णांना उठवलं, चहा झाला, आणि ते गेले.

मी आईला बोलू नये ते बोलले. म्हटलं, आता नोव्हेंबरात कुठं जाशील, परत मल्लव्वाच्या उंबऱ्यावर? परत निळी पडशील, मी परत हायवेवर आडवी होऊ? चप्पल घालून तशीच निघाले, टोलपर्यंत चालत गेले आणि परत आले. आई पायरीवरच होती. मला बसवलं आणि म्हणाली,

"ज्यानं आपल्याला इकलं त्यानं बी पावसाळ्यात इकलं. त्याला ठावं हुतं. आपल्याला बी ठावं हाय. मग त्येच्यात आन आपल्यात काय ऱ्हायलं गं? पाटी माझ्या नावाची हाय. माझ्या नावावर कुणाचा बाप मारायचा न्हाय."

यशा, मला रडू आलं, आणि रडता रडता लाज वाटली, आणि तरी त्या बाईचा एवढा अभिमान वाटला की काय सांगू. तू आणि मी मिळून गप्प बसायचं ठरवलं होतं. तिच्या छातीत धड वारा मावत नाही आणि बोलली तीच.

मग तिला सगळंच सांगितलं. सिंगापूरच्या दुसऱ्या जहाजाचंही. तिनं उठून पाटी पदरानं पुसली. नंतर म्हणाली, हे त्याला जसंच्या तसं लिव, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"यशा, तुजं समदं वाचलं. कुटला वारा कुटं जातो ते कळलं. जगभर हिंडतो, आभाळात चढतो, पर दरसाली एकदा तरी म्होरा वळवून परत येतोच की. तुजा कवा वळायचा? मला घर इकायचं न्हाय. पावसाळाभर मी हितं लई सुकात हाय. हिवाळ्यात मला कुटं न्यायचं त्ये तू बग, तू जग बगितलंस. मनीनं किती वडायचं. पर तू न्यायला यायचं. पैशे धाडलेस तर मी माघारी लावीन."

मनाली


१९ जुलै २०२५
श्रीलंकेच्या दक्षिणेला

ताई,

तुझी मेल छापून घेतली आणि खाली इंजिनापाशी उभा राहून वाचली. तिथं कानठळ्या बसतात, कुणाला कुणाचं ऐकू जात नाही. मोठ्यानं रडता येतं.

दुसऱ्या जहाजाला नाही म्हणून कळवलं. हे जहाज कोचीला लागतंय, तिथं उतरतो. नोव्हेंबरच्या आधी कोकणात एखादी खोली बघून ठेवतो, समुद्राच्या अगदी काठाला. हिवाळ्यात तिथंही सकाळी वारा जमिनीकडचा असतो, पण दुपार झाली की समुद्राचा येतो, आणि चिमणी कुठंच नाही. मी स्वतः जाऊन बघणार, पहाटे, दुपारी, संध्याकाळी, आणि आजूबाजूच्या दहा माणसांना विचारणार. गाळप संपेपर्यंत आई आणि मी तिथं. बंद झालं की परत तिच्या घरी. चार महिने एका जागी राहायचं म्हटलं की आत्ताच माझे तळपाय शिवशिवतायत. मला जमेल की नाही, खरंच माहीत नाही. पण येतोय.

इथं वारा बरोबर तोंडावर आहे, आईच्या खिडकीत येतो तोच. जहाज हळू झालंय. कॅप्टन म्हणतो दोन दिवस उशीर. आईला सांग उशीर होईल, पण म्होरा वळवलाय.

यशपाल